उपड्या कपातला समुद्र

मी ऑलिंबियामावशीचा कॉफीचा कप बोलतोय. एपिरस या ग्रीक डोंगराळ भागातल्या एका गावात, शेगडीवरच्या फळीवर माझा मुक्काम. सहा भावंडांतला मी एकटाच उरलो, तोही कानतुटका. पण रुबाब असा, की गावातल्या बाया कॉफी पिऊन मला बशीवर उपडा घालतात आणि माझ्या तळाशी उरलेल्या कॉफीच्या गाळात मावशी त्यांचं भविष्य बघते.

आरेती ही मावशीची आईवेगळी भाची. लहानपणी माझ्यात नाक खुपसून बसायची. मग कुठूनशी एक वही आली. बाया बोलू लागल्या की ही भराभरा लिहिणार! त्या मेल्या वहीला पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

गेल्या जुलैत कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी पाठवायचा शेवटचा दिवस उजाडला. आरेतीला मानववंशशास्त्र शिकायचं होतं, ते लांबच्या बेटावर. मावशीला हवं होतं तासाभरावरचं, इतिहासाचं कॉलेज.

"माणसं बघायला बेटावर कशाला जायचं? इथे काय मेंढ्या राहतात?" मावशी कडाडली. "कॉफी पी. कप काय म्हणतो बघू."

आरेतीने मला उपडा घातला. खरं सांगतो, त्या बेटाचा मला वहीपेक्षाही जास्त हेवा वाटत होता. वाट बंद दिसावी म्हणून जीव तोडून धडपडलो. पण गाळ माझं थोडाच ऐकतो?

मावशीने मला उचललं. "अगं बाई! समुद्र खवळलाय. जहाज अडकलंय. आणि इकडे बघ, आपलं घर."

आरेतीने वही उघडली. "शेजारची मुलगी जर्मनीला निघाली, तेव्हाही समुद्र खवळला होता. पोस्टमनची बदली झाली, तेव्हाही. तारखेसकट लिहिलंय, मावशी. ज्याने जाऊ नये असं तुला वाटतं, त्याच्याच कपात समुद्र खवळतो."

मावशीने वहीची पानं उलटून पाहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "कार्टे, माझ्यावरच अभ्यास? जा, लिही ते बेट पहिलं."

सप्टेंबरात आरेती गेली. वही नेली, मला नाही. "तो वाटेत फुटेल गं," म्हणाली. वहीचा हेवा मला अजून वाटतो.

स्वतःचा कप स्वतः बघायचा नसतो, हे मावशीनेच सगळ्यांना शिकवलेलं. आता ती रोज सकाळी एकटीच कॉफी पिते, मला उपडा घालते आणि मोठ्याने सांगते, "समुद्र शांत आहे. पोर नाताळला येतेय."

माझ्या तळाशी नुसता गाळ असतो. आरेती, ज्याने परत यावं असं मावशीला वाटतं, त्याच्यासाठी समुद्र शांत होतो; तुझ्या वहीत एवढी एक ओळ राहिली आहे. ये आणि लिहून घे.