मागच्या सीटवरचे उस्ताद

दवाखान्यातून घरी आल्यापासून उस्तादांचा पाय एका जागी ठरत नव्हता. खुर्चीत बसले की खिडकी आठवायची, खिडकीशी गेले की दार आठवायचं, आणि दारात उभं राहिलं की इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकून डोक्यात तिडीक जायची. ती लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबताना हिसका देत होती. ज्याचं सगळं आयुष्य लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलं, त्यानं दिवसभर तो हिसका ऐकायचा, आणि पान्ह्याला मात्र हात लावायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम!

कंपनीतले लोक त्यांना उस्ताद म्हणायचे ते उगाच नाही. बंद पडलेली कसलीही लिफ्ट ते चालू करून दाखवायचे. पण यंदा त्यांचं स्वतःचंच यंत्र बिघडलं. डॉक्टरांनी छातीचं हाड मधोमध कापलं, हृदयाला रक्ताच्या नव्या वाटा करून दिल्या आणि हाड तारेनं पुन्हा बांधून टाकलं. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायची. जड उचलायचं नाही, ओढायचं नाही, ढकलायचं नाही. भरलेली किटली उचलली तरी बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, ठेवा ती खाली!" तिला बरोब्बर कसं कळायचं, देव जाणे.

बायको एका टॅक्सी कंपनीच्या कार्यालयात फोनवर बसायची. कुठल्या टॅक्सीनं कुठे जायचं, कुठला रस्ता बंद आहे, कुठून वळलं तर लवकर पोचेल, हे सगळं ती खुर्चीतून सांगायची. ड्रायव्हर लोक तिला 'कंट्रोल' म्हणत. उस्तादांनी ते ऐकलं तेव्हा म्हणाले होते, "तुम्हाला आत्ता कळलं होय?"

तरी लिफ्टचं दुःख वरवरचं होतं. खरी तळमळ होती ती गाडीची.

ती गाडी म्हणजे पुढून मोटरसायकल आणि मागून दोन चाकं. आधी ती साधी मोटरसायकलच होती, भली दांडगी. पण कंट्रोलनं लग्नानंतर स्वच्छ सांगून टाकलं होतं, "दोन चाकांवर मी बसणार नाही. तोल तुमचा जाणार आणि गुडघे माझे फुटणार." मग तिच्या धाकट्या भावानं, ज्याचं गॅरेज होतं, मागे आस बसवून तिला तीनचाकी केली. रस्त्यावरची पोरं विचारायची, "काका, मीटर पडतं का?" उस्तादांनी त्या टिंगलीला कधी भीक घातली नाही. दर सुट्टीला नवरा-बायको त्या गाडीवर निघायचे, घाटातून, धरणाच्या बाजूनं, जिकडे रस्ता नेईल तिकडे. ती मागे बसून सूचना द्यायची, ते पुढे बसून ऐकल्यासारखं करायचे.

आणि त्याच गाडीवर, घाटात, त्यांच्या छातीत कळ आली होती. पुढचं त्यांना फारसं आठवत नव्हतं. कुणा ट्रकवाल्यानं दवाखान्यात पोचवलं, एवढंच त्यांना सांगण्यात आलं होतं. कंट्रोल त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नव्हती, आणि ते विचारतही नव्हते.

शेवटी एकदाचे डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. गाडी चालवायला हरकत नाही. पण थोडं थोडं. दुखलं की थांबायचं. थांबता येतं ना तुम्हाला?"

"येतं की," उस्ताद म्हणाले. शेजारी बसलेली कंट्रोल छताकडे बघत होती.

दुसऱ्याच दिवशी ती कामावर गेली आणि उस्तादांनी बूट चढवले. गॅरेज चालत जाण्याच्या अंतरावर होतं. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. मध्ये दोनदा दुकानांच्या पायऱ्यांवर टेकावं लागलं. पण पोचले. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मेहुणा कुणाच्या तरी मोटारीखाली आडवा झाला होता, त्याचे फक्त पाय दिसत होते. उस्तादांनी त्या पायांना हाक मारली नाही. हलक्या हातानं ताडपत्री सारली आणि पाय टाकून गाडीवर बसले.

बसले खरे, पण काहीतरी चुकत होतं. हँडल जवळ आलं होतं. कोपर नको तिथं वाकत होतं. आणि आरशात बघावं तर मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी स्वतःचीच हनुवटी. उजव्या आरशातही तेच. आरसे कुणीतरी खाली वळवले होते, त्यांच्यापेक्षा बुटक्या कुणासाठी तरी.

टाकीवर धुळीचा कण नव्हता. इंजिनाला हात लावला तर कोमट.

उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण तिकडे उशी कवटाळून पडलोय, आणि इकडे कुणीतरी आपली गाडी उडवतंय!

"ए मेहुण्या! बाहेर ये!"

पाय दचकले, मोटारीखाली काहीतरी खणकन् आपटलं आणि मेहुणा कपाळ चोळत बाहेर आला. "भावोजी? तुम्ही कसे आलात? ताईला माहीत आहे?"

"गाडी कोण चालवतंय?"

"म्हणजे... बॅटरी उतरू नये म्हणून अधूनमधून चालू करायला लागते ना..."

"बॅटरीसाठी आरसे खाली वळवतात? हँडल जवळ घेतात? तू ताडमाड माणूस, तुझी हनुवटीसुद्धा दिसणार नाही त्यात. कुणाला दिलीस भाड्यानं?"

मेहुण्यानं हात पुसायला फडकं घेतलं आणि पुसतच राहिला. आधीच स्वच्छ झालेली बोटं त्यानं पुन्हा एकेक करून पुसली. मग म्हणाला, "भावोजी, मला बोलायची बंदी आहे. तुम्ही ताईलाच विचारा."

"तिचा काय संबंध?"

मेहुणा फडक्याकडे बघत राहिला. तेव्हा कुठे उस्तादांच्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडल्यावर राग कमी व्हायच्या ऐवजी जास्तच चढला.

त्या दिवशी उस्ताद घरात इतके फिरले की खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना. कंट्रोल कामावरून आली, पर्स खुंटीला अडकवली, आणि तिनं वळून बघितलं तर नवरा दारातच उभा.

"गाडी चालवायला शिकलीस?"

"सांगितलं वाटतं त्यानं."

"त्यानं नाही, आरशांनी सांगितलं. मी मेलो असं धरून चालली होतीस की काय?"

हे बोलल्यावर त्यांना लगेच वाटलं की जीभ आवरायला हवी होती. पण आता उशीर झाला होता. कंट्रोल खुर्चीवर बसली. चपला पायातच होत्या. एरवी ती चपला काढल्याशिवाय घरात पाऊल टाकायची नाही.

"ऐका आता," ती म्हणाली. "तुम्हाला आठवत नाही, मला सगळं आठवतं. तुम्ही गाडी कडेला घेतलीत, खाली उतरलात आणि कठड्याला टेकून बसलात. चेहरा पांढराफटक. घामानं भिजलेला. मी फोन काढला, तर रेंज नाही. गाडी चालू होती. घाटाखाली दवाखाना होता, मला माहीत होता, कुठून वळायचं तेही माहीत होतं. रोज दिवसभर मी दुसरं काय सांगत असते? आणि मला ती गाडी जागची हलवता येईना. मी हँडल धरलं, कुठला तरी दांडा दाबला, आणि ती बंद पडली. पुन्हा चालू करता येईना मला. तुम्ही डोळे मिटलेले. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन हात हलवत उभी राहिले. दोन गाड्या बाजूनं निघून गेल्या. हॉर्न वाजवून गेल्या! मग तो ट्रकवाला आला."

लिफ्ट हिसका देऊन थांबली. दोघांपैकी कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"तुम्ही आत ऑपरेशनच्या टेबलावर होतात, आणि मी बाहेर बसून एकच विचार करत होते. हा माणूस वाचला तर पुन्हा त्या गाडीवर बसणारच. मी नको म्हटलं तरी बसणार. तर मग पुन्हा असं हातपाय गाळून उभं राहायची वेळ माझ्यावर येता कामा नये. बस्स. भावाच्या मागे लागले, रोज कामावर जाताना आधी गॅरेजवर जात होते. तो म्हणाला, ताई, तुझं वय काय! मी म्हटलं, माझं वय तुझ्या गॅरेजच्या बिलात लिहू नकोस, क्लच दाखव."

उस्तादांना हसू आलं, पण हसलं की छाती अजून दुखायची, म्हणून त्यांनी ते दाबलं. शेजारच्या खुर्चीत बसले. मग विचारलं, "गिअर आवाज करतात का?"

"दुसऱ्याचा तिसरा टाकताना."

"क्लच पूर्ण दाबत नसशील."

"दाबते. तुमचीच गाडी जुनी झालीय."

पुढच्या सुट्टीला दोघं निघाले. गॅरेजमधून निघताना उस्तादांनी आरसे वर केले, हँडल पुन्हा लांब केलं, आणि कंट्रोल मागे बसली, नेहमीसारखी. मेहुणा शेडच्या दारात उभा राहून नखं कुरतडत होता.

पहिली दोन-तीन वळणं उस्तादांना वाटलं, झालं, आपण परत आलो. वारा शर्टात शिरत होता. इंजिनाची धडधड मांड्यांतून वर चढत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या पायांना कुठे जावंसं वाटत नव्हतं.

पण तीनचाकी दोनचाकीसारखी झुकत नाही. तिला वळवायचं म्हणजे हँडल दोन्ही हातांनी ओढून वळवावं लागतं, एक हात ढकलतो, एक ओढतो, आणि तो सगळा जोर येतो छातीवर. सपाटीवर कळलं नाही. चढ लागला, वळणं जवळ जवळ यायला लागली, तसं हाडाच्या जोडावर कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटायला लागलं. पुढच्या वळणाला अंगठ्याची मूठ झाली. हे हृदयाचं नव्हे, हाडाचं आहे, हे त्यांना कळत होतं. पण दुखण्याला कुठे पाटी लावलेली असते? तरी थांबावंसं वाटेना. पुढचं वळण झालं की बघू. ते झालं की त्याच्या पुढचं.

मागून सूचना येत नव्हत्या. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उस्तादांनी आरशात बघितलं. कंट्रोल रस्त्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या खांद्यांकडे बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काय झालं?" तिचा आवाज चिरकला.

"काही नाही. हात भरून आले. छाती ओढतेय जरा." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून घाईनं म्हणाले, "हाड गं, हाड! आतलं सगळं व्यवस्थित आहे. घाम बघ, आहे का?"

तिनं खरंच कपाळाला हात लावून बघितला. मनगट धरून नाडी बघितली, जशी काही तिला त्यातलं कळत होतं. मग दोघंही जरा वेळ कडेला उभे राहिले. उस्तादांनी एक दगड लाथेनं उडवला, मग दुसरा. घर मागे राहिलं होतं, घाटमाथा पुढे होता, आणि गाडी मेहुण्याला बोलावून नेण्यात त्यांची सगळी लाज जाणार होती.

"बस पुढे," ते शेवटी म्हणाले.

"मी चढावर कधी चालवली नाहीये."

"मग आज चालव. मी आहे ना मागे."

कंट्रोलनं हँडल जवळ घेतलं. आरसे वळवले. उस्ताद मागे चढले, आणि गाडी एक आचका देऊन निघाली. मागच्या सीटवर त्यांना आपलं काय करायचं तेच कळेना. हात कुठे ठेवायचे? प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय हवेत ब्रेक दाबायचा. "गिअर उतरव. आता. आता गं! डावीकडे घे, ट्रक आहे... अगं दिसतोय ना?"

"अहो!" ती पुढे बघतच ओरडली. "मागे बसून सूचना द्यायच्या नाहीत!"

"तू नाही का देत एवढी वर्षं?"

"मला रस्ते माहीत असतात!"

ते गप्प बसले. म्हणजे तोंडानं. पाय चालूच होता. एका वळणाला ती फार बाहेर गेली आणि समोरून येणाऱ्या मोटारवाल्यानं हॉर्न दाबून धरला. उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं, त्यांनी तिच्या कमरेला घट्ट धरलं. तिनं हॉर्नला हॉर्ननं उत्तर दिलं, जरा जास्तच लांब. गाडी पुन्हा रेषेत आली. पुढचं वळण तिनं आधीपेक्षा बरं घेतलं, त्यापुढचं त्याहून बरं.

घाटमाथ्यावर चहाची टपरी होती. उस्तादांना वाटलं, थांबेल. ती थांबली नाही.

"अगं, चहा?"

"परत येताना."

"परत केव्हा येणार?"

उतार लागला. तिनं बरोबर वेळेवर गिअर उतरवला, दुसऱ्या-तिसऱ्याचा तो आवाज झालाच, आणि खाली दूरवर धरणाचं पाणी दिसायला लागलं. उस्तादांनी एक हात सोडून छाती चाचपली. दुखत होतीच. मग तो हात पुन्हा तिच्या कमरेवर ठेवला, आणि पुढच्या वळणाला पाय हवेत दाबला.