पहिली पात

धानाच्या रोवणीत पहिली पात, म्हणजे पहिली ओळ, कोणाची, हे आमच्या सानगडीत विचारावं लागत नसे. माझी मोठी जाऊ कामिनी चिखल केलेल्या बांधीत उतरली की बाकीच्या बाया तिच्याकडे बघून हात चालवायच्या. रोवत रोवत मागे सरकायचं असतं. पहिल्या पातीचा वेग तोच टोळीचा वेग. मी तिला बाई म्हणते, आणि गावात तिची जाऊ म्हणून ताठ मानेनं फिरते.

मागच्या उन्हाळी धानाच्या रोवणीला मात्र भलतंच झालं. बाया रोवत मागे निघून गेल्या आणि बाई हातात पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, जुडी घेऊन एकटीच पुढे उभी, धापा टाकत. त्या दिवशी पहिली पात टोळीतल्या शुभांगीकडे गेली. बाई घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली.

मग ज्याच्या त्याच्या तोंडी एकेक निदान. सासूबाईंनी नजर उतरवली. भासरे, म्हणजे बाईचा नवरा, म्हणाले, मोबाइल पाहत जागते. शेजारीण म्हणाली, आळस. माझं डोकंच फिरलं. सगळ्यांना वाढून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला आळशी म्हणायचं! लोकांच्या जिभेला हाड नसतं हेच खरं.

मीच तिला दवाखान्यात नेलं. साखर बरोबर, थायरॉइड बरोबर, रक्त मात्र बाराच्या जागी सात. पाळीत किती जातं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा बाईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खरं सांगितलं. वर्षभर तिनं ते अंगावर काढलं होतं. त्यावर औषध मिळालं, रक्तासाठी लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

महिना गेला तरी फरक नाही. आम्ही परत गेलो. सिस्टरनं विचारलं, गोळी कशासोबत घेता?

"कोऱ्या चहासंगं," बाई म्हणाली. "नाही तं मळमळते न."

आमच्याकडे जेवण झालं की धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, कोरा चहा लागतोच, त्यात गोळीही जात होती. सिस्टरनं कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागू देत नाही, म्हणाली. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहा दोन तासांनी. ताटात डाळ, तरोट्याची पालेभाजी असू द्या. आणि जेवण सगळ्यांच्या मागून नको.

शेवटची गोष्ट सासूबाईंना जड गेली. मी बाईचं ताट त्यांच्या ताटाशेजारीच मांडू लागले. काही दिवसांनी त्यांनीच तिला डाळ वाढली, तेव्हा मी हसू दाबलं.

हळूहळू बाईच्या ओठांवर रंग आला. तळ्याची पाळ चढताना ती थांबेनाशी झाली. पण पावसाळी रोवणी लागली तेव्हा तिनं गुमान शेवटची पात धरली. गेलेली जागा मागायची नाही, हा तिचा स्वभाव. सकाळभर शेवटच्या पातीवरून तिनं असे हात चालवले की टोळीला तिच्या मागे पळावं लागलं. मी बघत होते. शुभांगीही बघत होती.

जेवणानंतर बाया बांधीत उतरल्या. बाई अजून धुऱ्यावर जेवत होती, मी तिच्याजवळ बसले होते. शेतमालक यादोराव छत्री टेकत आले आणि म्हणाले, चला, पऱ्हे सुकून राहिले, हात लावा.

शुभांगी दुसऱ्या पातीवर जाऊन उभी होती. पहिली तिनं रिकामी सोडली होती.

"पहिली पात कामिनीबाईची आहे," ती म्हणाली. "ते जेवून राहिली. तिचं होईपर्यंत थांबा लागते."

एकाही बाईनं पऱ्ह्याला हात लावला नाही. सगळ्या गुडघाभर चिखलात उभ्या राहिल्या. यादोराव छत्री बाजूला ठेवून धुऱ्यावर बसले.

बाई अवघडली आणि घास टाकून उठू लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. माझी छाती अभिमानानं भरून आली होती.

"जेव बाई," मी म्हटलं. "पोटभर जेव."

तिनं डब्यातलं शेवटचं शीत संपवलं, सावकाश हात धुतले, पदर खोचला आणि उतरली.