गळलेलं पान

छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंच्या नजरेतून साधा स्वल्पविराम सुटत नसे, मग माणसांच्या चुका कुठून सुटणार! त्याच बाईंनी तपासलेलं नवं प्रार्थनापुस्तक रविवारी चर्चमध्ये वाटलं गेलं. पाळक म्हणाले, "पापकबुली, पान नऊ." सगळ्यांनी पानं उलटली. आठनंतर थेट अकरा!

चूक पुस्तकाच्या बांधणीवाल्यावर ढकलून बाईंना मोकळं होता आलं असतं. तो बिचारा आजारी, घरी पडून होता. वीस वर्षं ही कबुली त्यांनी घडाघडा म्हटली होती, पण ती आपल्यासाठीच आहे हे आज पहिल्यांदा कळत होतं. त्या उठल्या.

"पान माझ्या हातून गळलं. आणि आजवर मी तुम्हा सगळ्यांना चुकांवरून फार छळलंय. माफ करा."

पाळकांनाच हसू फुटलं. "कबुली तर झाली सुरू! पुढे कोण?"

"मी प्रवचनात डुलक्या घेतो," ऑर्गनवाले काका म्हणाले.

"घोरता म्हणा की!" मागून आवाज आला आणि खसखस पिकली.

त्या भरात बाईंची धाकटी जाऊ उठली. "जाऊबाई, तुमचा चष्मा मीच मोडला होता. आळ मांजरावर घातला."

"अगं भवाने, त्या मांजराशी मी वर्षभर अबोला धरलाय!" म्हणत बाईंनी तिला घट्ट मिठी मारली. दोघी हसता हसता बाकावर कोसळल्या.

पाळक डोळे पुसत म्हणाले, "प्रभूनं तुम्हाला क्षमा केली आहे. मांजराचं तेवढं घरी गेल्यावर बघा."