एकोणिसावा रकाना

“चारशे बारा,” मास्तर म्हणाला. “एकोणिसावा रकाना. माझ्याकडे शून्य, तुझ्याकडे एक.”

त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. मास्तर हा माझ्यासारखाच विद्यार्थी, पण आधी पाच वर्षं शाळेत शिकवून आलेला, त्यामुळे कुणाची चूक सापडली की त्याचा चेहरा खुलतो. विद्यापीठाच्या त्या खोलीत आम्ही दोघं वर्षभर मॅडमच्या हाताखाली एकच काम करत होतो. अमली पदार्थांच्या खटल्यांचे सहाशे निकाल वाचायचे आणि त्यातली माहिती आकड्यांत भरायची. पदार्थाचं वजन किती, आधीचा गुन्हा आहे का, शिक्षा किती वर्षांची. प्रत्येक निकाल दोघांनी वेगवेगळा वाचायचा, आणि आकडे जुळले नाहीत तर त्यांची यादी मॅडमकडे जायची. एकोणिसावा रकाना होता, शिक्षा सुनावताना घरचं कोणी हजर होतं का? होतं तर एक, नव्हतं तर शून्य.

“इतकं स्वच्छ लिहिलंय,” मास्तर वाचू लागला. “‘आरोपीचे कोणीही नातेवाईक आज हजर नाहीत. त्यास घरचा आधार असल्याचे दिसून येत नाही.’ यात तुला एक कुठे दिसला?”

“चुकून पडला असेल. बदलते.”

“आता काय बदलतेस? यादी गेलीसुद्धा. चार वाजता बोलावलंय तुला.”

सव्वादोन वाजले होते. पावणेदोन तास काढायचे म्हणून मी चारशे सत्तर नंबरचा निकाल उघडला आणि त्यातली एकच ओळ अकरा वेळा वाचली.

निकालांत नावं काळी केलेली असतात, तारीख मात्र तशीच ठेवतात. ती तारीख मी मेले तरी विसरणार नव्हते. चारशे बारा नंबरचा आरोपी म्हणजे माझा दादा.

आणि आम्ही हजर होतो. आई आणि मी, सकाळी साडेनऊपासून. सुटला तर मळक्या कपड्यांत घरी नको यायला, म्हणून आईने त्याचा निळा शर्ट इस्त्री करून पिशवीत घेतला होता. कोर्टाच्या फळ्यावर त्याच्या खटल्यापुढे चार नंबरची खोली लिहिली होती. आम्ही चारसमोरच्या बाकावर बसलो. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आई दोनदा म्हणाली, “अगं, विचार ना कुणाला तरी.” मी म्हटलं, “फळ्यावर लिहिलंय ना, आई.” घरात शिकलेली मी एकटीच, आणि शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते. बारा वाजता शिपायाने सांगितलं, चारचे साहेब रजेवर आहेत, त्यांचं काम सकाळीच वर सात नंबरला गेलं. तोवर दादाला सात वर्षांची शिक्षा झाली होती आणि त्याला नेणारी गाडी निघून गेली होती.

तुरुंगातल्या पहिल्या भेटीत तो म्हणाला, “आला नाहीत ते बरंच झालं. मला रडू आलं असतं.” आई सांगत राहिली, “अरे, आलो होतो रे आम्ही.” तो नुसती मान हलवत राहिला. त्याला ते पटलं नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

म्हणून मी एक लिहिला. चुकून वगैरे काही नाही. निदान एका कागदावर तरी आम्ही हजर असावं, एवढीच इच्छा.

ओळखीतला खटला समोर आला तर लगेच सांगायचं, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी सांगितलं नाही. त्यात मागच्या आठवड्यात त्यांनी पहिली मोजणी दाखवली. वजन तेवढंच, गुन्हा तोच, पण घरचं माणूस समोर बसलेलं असेल तर शिक्षा सरासरी सोळा महिन्यांनी कमी. “भारीच निघालं की,” मास्तर म्हणाला. मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले होते.

चार वाजता मॅडमनी यादी पुढे ठेवली. “चारशे बाराचं काय झालं?”

चुकलं म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं. शब्द अगदी ओठांवर होता.

“चूक नाही, मॅडम. आम्ही होतो तिथे. चुकीच्या खोलीबाहेर.”

मग सगळं सांगितलं, शर्टासकट. मॅडम बराच वेळ पेनचं टोपण लावत आणि काढत राहिल्या.

“हे मला आधी सांगायला हवं होतंस.”

“हो.”

“मी तुला कामावरून काढू शकते, कळतंय ना?”

“हो, मॅडम.”

“काढत नाही. पण त्या कोर्टाचे सगळे निकाल आता दुसरं कोणीतरी नव्याने वाचेल. आणि हा आकडा शून्यच राहील. अगं, कोण आलं होतं हे आपण मोजत नाही. न्यायाधीशाला कोण दिसलं, ते मोजतो.”

मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांचं बरोबर होतं म्हणून जास्तच आला.

मी दारापर्यंत गेल्यावर त्या म्हणाल्या, “शेऱ्यात लिही हवं तर. तो रकाना मोजणीत धरत नाहीत. पण राहतो.”

परत येऊन मी एकाचा शून्य केला. शेऱ्यात लिहिलं, ‘आई व बहीण इमारतीत हजर. खोली चुकली.’ मास्तर मागे उभा राहून वाचत होता. त्याने ‘इमारतीत’ची वेलांटीही तपासली नाही. नुसताच आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

घरी आई कपाट आवरत होती. माझ्या हिशोबातून एक दिवस दादा लवकर सुटणार असं तिला मनापासून वाटतं, त्यामुळे रोज संध्याकाळी ठरलेला प्रश्न असतो.

“आज काय निघालं?”

“काही नाही गं. तेच ते.”

ती निळा शर्ट मांडीवर घेऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरचं कोणी समोर असलं, तर फरक पडतो का गं?”

सोळा महिने. तो आकडा मला दशांश चिन्हापुढच्या अंकांसकट पाठ होता.

“नाही,” मी म्हटलं. “सगळं वजनावर असतं.”

“नक्की ना?”

“सहाशे निकाल वाचलेत, आई.”

तिने मोठा श्वास सोडला. “मला आपलं वाटायचं, तू लहान होतीस, तुला काय कळणार. मीच उठून कुणाला तरी विचारायला हवं होतं.”

आईने शर्टाची बाही हाताने सारखी केली, जुन्याच घडीवर पुन्हा घडी घातली आणि तो कपाटात सगळ्यात वर ठेवला.