संशयाचा फायदा

कुवार, म्हणजे आश्विन महिना, सरत आला होता. धानाला लोंब्या फुटल्या होत्या आणि तुडतुडा पडला म्हणून दिघोरीच्या पलीकडच्या त्या गावात घरोघरी फवारण्या चालू होत्या. त्या सकाळी यशोदाबाई टोपली घेऊन तलावाच्या पाळीवर चढली, तेव्हा नवरा तिच्या आधी पोचलेला होता. तुलाराम कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि त्याच्याभोवती मासोळ्या पांढरी पोटं वर करून तरंगत होत्या. काही अजून जिवंत होत्या, पाण्यावर तोंड काढून आ वासत होत्या. तो त्या दोन्ही हातांनी काठावर फेकत होता.

"पाण्यात काहीतरी कालवलं हाय कोणी," तो ओरडला. "इथं थांबू नोको. तिकडं जा, ढोरं येऊन राहिली. पाणी पिऊ देऊ नोको!"

यशोदाबाई धावली. ओरडत, हात हलवत धावली. बहुतेकांची ढोरं वळली. भैयाजींच्या बैलजोडीचं मात्र तोवर पिऊन झालं होतं. दुपारपर्यंत दोन्ही बैल तोंडाला फेस येऊन आडवे झाले.

भैयाजी गावातले मोठे शेतकरी. त्यांच्या अंगणात संध्याकाळी माणसं जमली. बैल झाकून ठेवले होते. कोणीतरी विचारलं, "पाण्यात विष हाय हे तुलारामलेच कसं ठाऊक झालं?"

तेवढं पुरलं. मासोळी मारणाऱ्या ढिवर जातीचा माणूस, पाण्यात सगळ्यांच्या आधी तोच, आणि ओरडलाही तोच. ज्या ओरडण्यानं बाकीची ढोरं वाचली, तेच ओरडणं दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या कागदावर गेलं. यशोदाबाई ठाण्यात जाऊन सांगत राहिली, "अहो साहेब, मासोळी तडफडून राहिली का पाण्यात खराबी हाय हे आमच्यातल्या लेकराले बी समजते." हवालदार म्हणाला, "हे कोर्टात सांगजो."

तुलाराम जामिनावर सुटून आला. मग तारखा सुरू झाल्या. एका तारखेला जजसाहेब रजेवर, एका तारखेला साक्षीदार नाही, एका तारखेला नुसतीच पुढची तारीख. वर्षं अशीच गेली. सरकारकडून मिळालेला वकील सुगत नावाचा तरुण होता. तो दर वेळी म्हणायचा, "काकू, पाण्याच्या नमुन्याच्या बाटलीवर सील नव्हतं. यांची केस टिकत नाही." यशोदाबाईला बाटलीचं काही वाटत नसे. तिला वाटे, कोणीतरी उभं राहून म्हणावं, या माणसानं हे केलं नाही.

साक्षीदारांत आनंदाबाईचं नाव निघालं, तेव्हा यशोदाबाईला खरं म्हणजे धीरच आला. आनंदाबाईचं घर शेतकऱ्याचं, पण तिच्या बांध्यांत यशोदाबाई लग्न होऊन आल्यापासून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत आलेली. दोघी एका ओळीत वाकल्या होत्या, एका गडव्यातलं पाणी प्यायल्या होत्या. यशोदाबाईच्या लेकीच्या, ममताच्या लग्नात मांडवात पहिली हळद आनंदाबाईनंच लावली होती. ती खोटं बोलणार नाही, एवढं यशोदाबाईला पक्कं माहीत होतं.

आणि आनंदाबाई खोटं बोललीच नाही.

पदर डोक्यावरून नीट घेऊन ती पिंजऱ्यात उभी राहिली. तुलारामला पहाटे पाण्यात पाहिलं, विष त्याचंच काम, असं तिनं सांगितलं. मग सुगत उलटतपासाला उठला.

"त्यांना पाण्यात काही टाकताना पाहिलं तुम्ही?"

"नाही जी."

"हातात डबा, बाटली, असं काही?"

"नाही जी. मासोळ्या फेकून राहिला होता काठावर."

"मग विष त्यांनीच टाकलं, असं कशावरून म्हणता?"

आनंदाबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं. "आता ढिवरच ना जी तो! जाळं टाकाचा कंटाळा आला का ते लोक औषध टाकतेत. साऱ्या गावाले मालूम हाय."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांनी टाईप करणाऱ्या बाईकडे पाहून बोट हलवलं. हे घेऊ नका. बाईनं हात थांबवला. ते वाक्य कागदावर गेलं नाही, पण खोलीतल्या प्रत्येकानं ऐकलं होतं. यशोदाबाईनं आनंदाबाईच्या चेहऱ्यावर राग शोधला, खुन्नस शोधली. काहीच नव्हतं. उन्हाळ्यात तलाव आटतो, हे जसं आपण सांगतो, तसं ती सांगत होती.

बाहेर निंबाखाली आनंदाबाईनं डबा उघडला आणि तिला हाक मारली, "यशोदा, जेवली का वो? ये, दोन घास खाय." यशोदाबाई तुलारामच्या मागं एसटीकडे चालू लागली.

निकाल लागला त्या दिवशी सुगत हसत बाहेर आला. "सुटले काका! सबळ पुरावा नाही, म्हणून संशयाचा फायदा देऊन सोडलं."

"म्हणजे यायनं नाही केलं, असं म्हटलं साहेबानं?"

"सोडलं म्हणजे तेच झालं ना काकू."

"पण म्हटलं का तसं?"

सुगत थोडा घुटमळला. "तसं लिहीत नाहीत नेहमी. केलं हे सिद्ध झालं नाही, असं लिहितात."

तुलाराम तोवर चप्पल घालून फाटकापर्यंत गेला होता.

गावानं निकालाचा आपला अर्थ लावला. "वकील चांगला भेटला त्याले," भैयाजी म्हणाले, आणि गावभर तेच झालं. ढिवरांची मासोळी गावात कोणी घेईना. मच्छीमार सोसायटीतले आपलेच लोक एक दिवस घरी आले आणि माना खाली घालून म्हणाले, "तुलारामभाऊ, काही दिवस तू तलावावर येऊ नोको. तुह्यापायी साऱ्याईच्या पोटावर येऊन राहिलं." तुलाराम वाद घालत बसला नाही. तुमसरला एका राईस मिलमध्ये पोती उचलायला निघून गेला. यशोदाबाई दुसऱ्या गावच्या बोडीवरून, लहानशा तळ्यावरून, मासोळी आणून दिघोरीच्या बाजारात विकू लागली.

तिथं एकदा कामिनी आली. कामिनी आनंदाबाईची सून. टोपलीपुढं बसून ती नुसतीच मासोळ्या खालीवर करत राहिली. मग मान वर न करता म्हणाली, "मावशी, मासोळ्या मेल्या त्याच्या आदल्या सांजेले आमच्या घरच्यायनं फवारणीचा पंप तलावात धुतला होता. उरलेलं औषध बी तिथंच ओतलं. मी भांडे घासून राहिली होती, मी पाहिलं."

घरचे म्हणजे तिचा नवरा, धनंजय. यशोदाबाईनं तराजू खाली ठेवला.

"मग कोर्टात काहून नाही सांगतलं वो तू?"

"मले कोणी विचारलंच नाही, मावशी."

"आता सांगशीन?"

कामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं नाव घेऊ नोका. लेकरू घेऊन मी कुठं जाऊ?" ती उठली आणि गर्दीत निघून गेली.

यशोदाबाईनं ते दोन दिवस पोटात ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती सरळ आनंदाबाईच्या घरी गेली. आनंदाबाई ओसरीत सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं बसायला पाट सरकवला, यशोदाबाई उभीच राहिली.

"आनंदाबाई, तलावात विष तुह्या धनंजयनं ओतलं. पंप धुतला त्यानं."

सूप थांबलं. आनंदाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग ताठरला. "कोणी सांगतलं तुले?"

आतल्या दारात कामिनी उभी होती, कडेवर लेकरू घेऊन. तिनं चौकट घट्ट धरली होती. ती यशोदाबाईकडे पाहत होती. नाही, असंही खुणावत नव्हती. नुसती पाहत होती.

एक नाव घेतलं असतं तर झालं असतं. इतकी वर्षं ज्या एका साक्षीदारासाठी यशोदाबाई कोर्टाच्या बाकावर बसली होती, ती साक्षीदार चार हातांवर उभी होती.

"बोल ना, कोणी सांगतलं?"

"कोणी नाही," यशोदाबाई म्हणाली. "मले असंच वाटते."

आनंदाबाईनं लांब श्वास सोडला. तांदळातला एक खडा वेचून अंगणात टाकला. आणि अगदी मायेनं, मोठ्या बहिणीनं समजवावं तशी म्हणाली, "असंच वाटते म्हणून कोणाचं नाव घेऊ नये, यशोदा. पाप लागते."

यशोदाबाई अंगणातून बाहेर पडली. त्या आठवड्यात तिनं घराला कुलूप लावलं आणि तुमसरला नवऱ्याकडे निघून गेली.