बऱ्याला औषध कशाला

मातीसाहेबांच्या उजव्या हाताची चार बोटं नेमकी कधी मेली, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बावीस वर्षं सरकारी माती-तपासनीस म्हणून मोटारीवर चालणारं गिरमिट धरून त्यांनी देशभरच्या शेतांना भोकं पाडली होती. ती सगळी एकाखाली एक लावली असती तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उजेड पडला असता. त्या हादऱ्यांनी आधी करंगळी गेली, मग तिच्या शेजारणी एकेक करून तिच्यामागे गेल्या. अंगठा तेवढा शाबूत राहिला. सहीपुरतं पेन दाबून धरायला खात्याला तेवढा पुरत होता.

एके काळी या बोटांचा मोठा बोलबाला होता. डोळे बांधून चिमूटभर माती हातावर ठेवली तर मातीसाहेब शेत सांगायचे, शेतातला कोपरा सांगायचे आणि फारच रंगात आले तर त्या कोपऱ्यातून सकाळी कोण अनवाणी गेलं तेही सांगायचे. शेवटचं खोटं असेल, पण सांगणारे शपथेवर सांगत. आता त्या बोटांना माती आणि पिठीसाखर सारखीच. बोटांमागोमाग आतलंही काहीतरी तसंच होत गेलं. चांगलं घडलं की "बरं" म्हणायचं, वाईट घडलं की "असू दे" म्हणायचं, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता. बायको म्हणायची, "घरात नवरा आहे की पोच-पावती आहे, तेच कळत नाही." त्यावर ते म्हणायचे, "बरं."

त्या सकाळी ते थोरल्या बहिणीच्या शेतावर गाडीतून उतरले, तेव्हा दाजी पायरीवर बसून पेट्यांना खिळे ठोकत होते.

"या मातीसाहेब! आज मेहुणे म्हणून आलात की सरकार म्हणून?"

"सरकार म्हणून."

"मग खुर्ची आणतो. मेहुणा असता तर हातोडी दिली असती."

ताई हात पुसत बाहेर आली. तिने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ढेकळ्या, वाळलास रे," ती म्हणाली. लहानपणी ते ढेकळं खात, तेव्हापासूनचं हे नाव. सगळ्या खात्यात कुणाला माहीत नव्हतं, आणि गाडीचा ड्रायव्हर आता ते मन लावून पाठ करत होता.

ताईच्या शेताबद्दल काय सांगावं! एकतीस वर्षांत तिने त्या जमिनीला एक दिवस उघडं ठेवलं नव्हतं. पाला, शेण, सालं, भुसा, जे मिळेल ते तिच्या पोटात घातलं होतं. माती इतकी भुसभुशीत की एकदा दाजी काठी रोवून फोनवर बोलत उभे राहिले आणि बोलणं संपेपर्यंत काठीला दोन पानं फुटली होती. यावर ताईचं म्हणणं एवढंच, की काठीचं नवल नाही, ह्यांचं बोलणंच तेवढं लांबलं होतं. गाजरं निघायची ती सरळसोट, ओढायला बोट पुरे. शहरातली एक मोठी दुकानसाखळी अकरा वर्षं ती सगळीच्या सगळी नेत होती.

यंदा मात्र दुकानाकडून दोन ओळींचं पत्र आलं होतं: या हंगामापासून हिरव्या शिक्क्याशिवाय माल घेतला जाणार नाही. ताईने खरेदी बघणाऱ्या बाईला फोन केला. ती बिचारी म्हणाली, "ताई, तुमचं गाजर मी अंधारातही ओळखेन. पण दारातल्या यंत्राला शिक्का दिसला नाही तर पेटी आत सरकतच नाही. मी तरी काय करू?"

हिरवा शिक्का ही सरकारची योजना. देशभरची दमलेली जमीन दहा वर्षांत पुन्हा उभी करायची, आणि जो उभी करेल त्याच्या मालाला शिक्का द्यायचा. गिऱ्हाइकाने शिक्का बघून माल घ्यावा, दुकानाने गिऱ्हाइकाकडे बघून शिक्का मागावा, आणि शेतकऱ्याने दुकानाकडे बघून जमीन सुधारावी. साखळी छान होती. गिऱ्हाईक खरंच शिक्का बघायला लागलं होतं. फक्त आता ते शिक्क्याशिवाय दुसरं काही बघत नव्हतं.

मातीसाहेबांनी पंधरा ठिकाणी वीतभर खोल भोकं पाडली, बादलीत माती एक केली आणि गाडीतल्या यंत्राच्या तोंडात चमचाभर घातली. गाजराचं पीक नुकतंच निघालं होतं आणि वाफे पालापाचोळ्याचं पांघरूण घेऊन पुढच्या पेरणीची वाट बघत होते. यंत्राने थोडा विचार केला. जमिनीच्या कसाचा आकडा आला, चार पूर्णांक एक. बावीस वर्षांत त्यांनी साडेतीनच्या वर आकडा पाहिला नव्हता. "बरं," ते म्हणाले.

यंत्राने आकडा परस्पर मुख्यालयाला कळवला आणि एक चिठ्ठी बाहेर टाकली. दाजींनी ती मोठ्याने वाचली. "अपात्र. सदर जमिनीस सुधारणेची आवश्यकता नाही." त्यांनी चिठ्ठी उलटी करून मागे काही आहे का पाहिलं. "म्हणजे पोरगी वर्गात पहिली आली म्हणून शाळेतून काढली?"

"नियम आहे," मातीसाहेब म्हणाले. "पान अकरा. तीनच्या खाली असेल त्याची नोंदणी होते. नोंदणी झाली की लगेच फिकट शिक्का मिळतो, दुकानाला तोही चालतो. पुढे तीन वर्षांत आकडा वाढला की गडद. तीनच्या वरच्यांना योजना नाही."

"कुठल्या गाढवाने लिहिला हा नियम?"

मातीसाहेबांनी बादली पालथी करून झटकली. "मी."

दाजींनी नुकतेच पुढचे खिळे तोंडात धरले होते, ते तसेच राहिले.

खरं तर त्यांनी लिहिला नव्हता, नुसते बोलले होते. योजना ठरवणाऱ्या समितीची बैठक नऊ दिवस चालली होती. आठ दिवस ते गप्प बसून होते. नदीकाठच्या बड्या मळेवाल्यांची माणसं तिथे हटून बसली होती: आमची जमीन आधीच कसदार आहे, आधी शिक्के आम्हाला द्या. सगळे शिक्के तेच नेणार हे दिसत होतं. नवव्या दिवशी मातीसाहेब एकच वाक्य बोलले, "बऱ्याला औषध कशाला?" सगळं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. अध्यक्षांनी ते वाक्य टिपून घेतलं आणि त्यातून पान अकरा जन्माला आलं.

ताई एवढा वेळ वाफ्याच्या कडेला उकिडवी बसून होती. तिने वर पाहिलं नाही. "ते बोललास तेव्हा तुला माझं शेत आठवलं नाही?"

"आठवलं होतं. म्हणून तर बोललो. वाटलं, असल्या जमिनीचा माल कुणीही घेईल. ताईला कशाची गरज नाही."

"लहानपणीही हेच म्हणायचास," ताई म्हणाली. "ताटात शेवटचं उरलं की म्हणायचास, ताईला भूक नाही."

यावर "असू दे" म्हणणं बरं दिसलं नसतं, एवढं त्यांना कळलं. म्हणून ते गिरमिटाला चिकटलेली माती पुसत राहिले.

तेवढ्यात बांधावरून काडीवाला आला. हा ताईचा शेजारी. दरवर्षी पीक निघालं की एका काडीने अख्खं शेत पेटवायचा, म्हणून काडीवाला. धूर असा व्हायचा की वरून जाणारे पक्षी खोकत उतरत. तीन वर्षांपूर्वी त्याचा आकडा भरला होता एक. मग योजना आली, त्याने काड्यांची पेटी फेकून दिली, आता आकडा होता एक पूर्णांक आठ. त्याला गडद शिक्का मिळाला होता आणि योजनेच्या पत्रकावर मूठभर माती घेऊन हसतानाचा त्याचा फोटोही छापून आला होता.

"मला लाज वाटते हो," तो ताईला म्हणाला. "पाला कसा टाकायचा, केव्हा टाकायचा, सगळं तुमच्या बांधावर उभं राहून शिकलो. त्या फोटोतली माती पण तुमच्याच शेतातली. माझी फोटोत चांगली येत नव्हती."

"मग आता शिकवणीची परतफेड कर," दाजी म्हणाले. खिळे त्यांनी खिशात टाकले होते आणि डोळ्यांत चमक आली होती. "तुझा तो खोल नांगर आहे ना, हातभर आत जाणारा? शेत गादीसारखं उलटायचं! वरची काळी माती खाली, खालची पिवळी वर. साहेबांचं गिरमिट जातं वीतभर. आकडा आपोआप तीनच्या खाली. फिकट शिक्का घ्यायचा, पेट्या पाठवायच्या. तीन वर्षांनी गादी परत उलटायची, काळी वर. गडद शिक्का! पान अकरावर उलटू नका असं कुठे लिहिलंय?"

"नाही लिहिलेलं," मातीसाहेब म्हणाले.

"बघा! माती कुठे पळून जात नाही. खाली तीन वर्षं झोप काढेल."

ताईने मात्र नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती भावाकडे बघत होती. "ढेकळ्या, परत उलटली की होते पूर्वीसारखी?"

"पत्रकात तसं काही…"

"पत्रक नाही विचारलं. तुला विचारलं."

"नाही होत," ते म्हणाले. "खाली हवा नसते. गांडुळं मरतात, बुरशीचं जाळं तुटतं. वर येईल ती नुसती काळी दिसेल."

"मग किती वर्षं?"

"लागली होती तेवढीच."

ताईने बोटांवर वर्षं मोजायचा प्रयत्नही केला नाही. ती एकसष्ट वर्षांची होती. मूठभर माती उचलून तिने दाबली आणि सोडली, आणि माती हातावर उमलल्यासारखी सुटी झाली. "गावच्या बाजारात माझी चार पोती खपतात," ती म्हणाली. "उरलेली अडीचशे कुणासाठी पिकवू? पिकवलेलं कुणीतरी खायला पाहिजे. नुसती चांगली माती घेऊन मी काय करू, आरशात बघू?"

मातीसाहेबांना कळत होतं की आता त्यांनी काहीतरी म्हणायला हवं. थांब, म्हणायला हवं. मी परत समितीत जातो, उभा राहतो, ते वाक्य मागे घेतो, म्हणायला हवं. एखादा माणूस काचेपलीकडे ओरडतो आणि ओठ हलताना दिसतात, तसं त्यांना ते स्पष्ट दिसत होतं.

"नांगरायची का मग?" ताईने विचारलं. ती अजून त्यांच्याकडेच बघत होती.

"बरं," मातीसाहेब म्हणाले.

नांगर दुपारीच आला. काडीवाल्याने तो अगदी हळू चालवला, जसं काही हळू गेल्याने कमी लागणार होतं. तासामागून तास पिवळी, घट्ट, चिकट ढेकळं वर येत गेली. कुठून कुठून पक्षी जमले. वर आलेली गांडुळं टिपून टिपून ते इतके जड झाले की संध्याकाळी त्यांना उडता येईना. बांधावरून चालत घरी गेले म्हणतात. दाजी सुरुवातीला "डावीकडे घे, डावीकडे" ओरडत होते. अर्धं शेत झाल्यावर तेही पायरीवर जाऊन बसले आणि झालेल्या पेटीलाच पुन्हा खिळे ठोकू लागले.

पुन्हा तपासणीला पंधरा दिवस थांबावं लागे. सोळाव्या दिवशी मातीसाहेब आले. गिरमिट या वेळी आत जायला तयार नव्हतं, त्याच्यावर भार टाकून रेटावं लागलं. यंत्राने विचार न करताच आकडा दिला, दोन पूर्णांक दोन. आणि चिठ्ठी. ती वाचायला दाजींनी हात पुढे केला नाही, म्हणून ताईनेच वाचली.

"अभिनंदन! आपली जमीन सुधारणेस पात्र ठरली आहे."

तिने चिठ्ठीची नीट घडी केली. फिकट हिरव्या शिक्क्यांचं भेंडोळं मातीसाहेबांनी पायरीवर ठेवलं आणि सही केली. "बस, चहा टाकते," ताई म्हणाली. "आज तरी ह्यांचा मेहुणा म्हणून बस."

ते पायरीवर बसले. दाजींनी हातोडी त्यांच्या बाजूला ठेवली. समोर पिवळं शेत पसरलं होतं, आणि ते कुणाचं आहे हे डोळे बांधल्यावर काय, उघड्या डोळ्यांनीही त्यांना सांगता आलं नसतं. ताईने उकळता चहा स्टीलच्या पेल्यात आणून दिला. त्यांनी तो धरला. ताईला सांगायला हवं की निदान आता वरून पाला जास्त टाक, असं काहीबाही त्यांच्या मनात येत होतं.

"अरे, हात! हात भाजतोय तुझा!"

ताईने पेला हिसकावून घेतला. त्यांनी बोटांकडे पाहिलं. चारही बोटं लालभडक झाली होती आणि एकावर फोड धरत होता. ताई त्यांच्यासमोर खाली बसली, तो हात तिने आपल्या मातकट हातांत घेतला आणि लहानपणी घालायची तशी एकेका बोटावर फुंकर घालू लागली.

"गार वाटतंय का?" तिने विचारलं.

त्यांना तिचे ओठ दिसत होते, फुंकर दिसत होती. बोटांपर्यंत काहीच पोचत नव्हतं.

"बरं," असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि ताई थांबेपर्यंत हात तसाच तिच्या हातात राहू दिला.