ऐकल्याची पोच

"हे अक्षर तुमचंच ना, पेशेक?" गुप्त पोलिसांच्या कॅप्टन श्रामेकने ते पत्र टेबलावर, मी सोलत होते त्या बटाट्यांच्या सालींशेजारी ठेवलं.

"माझंच," ओल्डा म्हणाला. चष्मा पुसून त्याने पत्राकडे नीट पाहिलं. "पोचलं म्हणजे! मला वाटलं टपालात गहाळ झालं."

कपाळ माझं! दोन परके पुरुष बूट न काढता माझ्या घरात शिरलेले, आणि माझ्या नवऱ्याला आनंद कशाचा, तर पत्र पोचल्याचा.

कॅप्टनने मोठ्याने वाचायला घेतलं. "'आपले केंद्र मी अकरा वर्षे दर रविवारी ऐकतो. निवेदिकेचे आकड्यांचे उच्चार उत्तम आहेत. मार्चपासून आवाजामागे घरघर येते, तो वीजपुरवठ्यातील दोष असावा, कृपया पाहून घ्यावे. दिशा व जोर मोजता आपले प्रक्षेपण ऑस्ट्राव्हाच्या नैर्ऋत्येस, चाळीस किलोमीटरच्या आत असावे. पोचकार्ड पाठवल्यास आभारी होईन.'" त्याने मान वर केली. "पोचकार्ड?"

"सगळे पाठवतात," ओल्डा म्हणाला.

खरंच पाठवतात. रेडिओवेड्यांची ती रीतच आहे. लांबचं केंद्र लागलं की त्याला कळवायचं, अमुक दिवशी, अमुक वाजता, इतका स्पष्ट आवाज आला. मग ते केंद्र छापील चित्राचं कार्ड पाठवतं. ट्रामच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करणाऱ्या माझ्या नवऱ्याला इक्वेडोरहून आणि जपानहून कार्डं येत. आमच्या पलंगावरची अख्खी भिंत त्यांनी भरली होती. राहिली होती ती एकच, रविवारी दुपारी चार वाजता जर्मन भाषेत नुसते आकडे वाचणारी बाई. नाव नाही, गाव नाही, गाणं नाही. वीस मिनिटं आकडे, की संपलं.

अशा बाया जगभर बोलतात आणि त्या कुणासाठी बोलतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. परदेशात बसवलेल्या हेरांसाठी. ऐकायचं आणि गप्प बसायचं. पण ओल्डाने अँटेनाची तारेची चौकट फिरवून फिरवून शोधून काढलं की ही बाई आपलीच, आपल्याच मुलखातली. मग काय, गडी खुलला.

"परक्यांची असती तर गोष्ट वेगळी, व्लास्ता," नंतर मला म्हणतो. "आपल्याच माणसांना त्यांच्या यंत्राची घरघर सांगायची नाही?"

म्हणून प्रागच्या एका मोठ्या कार्यालयाला यानं आपल्या सहीनिशी, घरच्या पत्त्यासह कळवलं, की तुमचं गुपित कुठे पुरलंय ते मला सापडलंय. वर घरघर दुरुस्त करा म्हणून सल्ला! आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेणारे मी पाहिलेत, पण धोंडा नीट बसला का ते पत्राने विचारणारा हा एकटाच.

ओल्डा काय काय ऐकलं ते ज्यांत टिपायचा, त्या अकरा वह्या कॅप्टनच्या जोडीदाराने पिशवीत भरल्या. कॅप्टन मात्र सावकाश बसला. "मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणतेय ना? जूनमध्ये मुलाखत?"

माझ्या हातातली सुरी थांबली.

"दोनच गोष्टी असू शकतात," तो म्हणाला. "एक तर तुम्ही शत्रूसाठी आकडे टिपून ठेवता. नाहीतर तुम्ही बिनडोक आहात, नसलेले आवाज तुम्हाला ऐकू येतात. बिनडोकाची मुलगी डॉक्टर होऊ शकते. पुढच्या रविवारी कागद आणतो. 'मी असे कोणतेही केंद्र कधी ऐकलेले नाही, पत्रातला मजकूर मनाने रचला,' एवढंच. सही करा."

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. गल्लीच्या समितीची अध्यक्ष हुर्निकोव्हा आमच्याच खालच्या मजल्यावर राहायची. आमच्या मुलीच्या, यित्काच्या अर्जाला तिचा दाखला लागणार होता. जिन्यात मला अडवून म्हणाली, "कॉम्रेड पेशेकोव्हा, पाहुणे आले होते म्हणे? खसखशीचे पाव तरी खाऊ घातलेत का?" तिला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. हसून म्हटलं, "उरले तर तुम्हालाही देईन हो."

आणि हा! हा सही करेना.

"जे ऐकलं नाही ते मी कधी लिहिलं नाही," म्हणे. "वादळानं काही लागलं नाही, तर वादळ होतं असं लिहिलं. आणि आता ऐकलेलं नाही म्हणू?"

"तुझ्या वह्यांना कोण कुत्रं विचारतंय, ओल्डा? पोरीचं आयुष्य आहे!"

"लोक एकमेकांच्या नोंदींवर विश्वास ठेवतात, व्लास्ता. आमच्यात तेवढंच तर असतं."

शनिवारी जेवताना यित्का म्हणाली, "बाबा, माझ्यासाठी खोटं नको लिहूस. मी नर्स होईन."

मी तिच्या थोबाडीत मारली. अठरा वर्षांच्या मुलीच्या. ती रडली नाही, ताट उचलून मोरीकडे गेली. ओल्डा तिच्या पाठीकडे बघत म्हणाला, "करतो सही. तिला मारू नकोस."

यित्काला जागा मिळाली, हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर तुमचं सगळं लक्ष तिकडेच राहील. आज ती ब्रनोला लहान मुलांची डॉक्टर आहे. पण मला सांगायचंय ते त्या रविवारचं.

कॅप्टन मुद्दाम पावणेचारला आला, या खेपेला एकटा. यित्काला मी आजीकडे पाठवलं होतं. ओल्डाने कागद दोनदा वाचला आणि सही केली. वह्यांवर करायचा तशीच, सावकाश, तारखेसकट. कॅप्टनने कागद घडी करून खिशात घातला. इथेच गेला असता तर बरं झालं असतं. पण मेल्याला मजा हवी होती. त्याने घड्याळ पाहिलं आणि रेडिओ लावला. काटा अजून त्या बाईच्या केंद्रावरच होता. रेडिओतले दिवे तापले, खरखर झाली आणि चार वाजता ती बाई बोलू लागली.

"काय ऐकू येतंय, पेशेक?"

ओल्डाचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हा बोलणार आणि सगळं मातीत जाणार.

"काही नाही," तो म्हणाला.

"नीट ऐका."

"खरखर आहे."

कॅप्टन हसला, पोट हलेपर्यंत हसला. ओल्डाशी मी वीस वर्षं भांडले होते, पण त्याला असं कुणी हसलेलं मला सहन होईना. माझ्या नवऱ्याला मी वाटेल ते बोलेन, हा कोण लागून गेला?

"बरं, करा आता बंद."

ओल्डा हलला नाही. "काय बंद करू, कॉम्रेड कॅप्टन?"

"हे! ही बाई!"

"कुठली बाई?"

कॅप्टनचं हसू मावळलं. तो स्वतः रेडिओकडे वळला आणि एक बटण पिळलं. आवाज दुप्पट झाला. दुसरं पिळलं तर आणखी वाढला. खिडकी उघडी, खाली हुर्निकोव्हाची खिडकी उघडी, आणि सरकारचं गुपित अख्ख्या अंगणात घुमतंय. ओल्डाने ते यंत्र हाताने बांधलं होतं, कुठलं बटण कशाचं ते त्यावर लिहिलेलं नव्हतं. कॅप्टन घामाघूम झाला. शेवटी गुडघे टेकून कपाटामागे हात घातला आणि वायर उपटली.

ती बाई प्रत्येक गट दोनदा वाचायची. पाच आकडे, मग पुन्हा तेच पाच. पहिल्यांदा वाचून झाले आणि आवाज विझला. मला जर्मन येत नाही, पण अकरा वर्षं भांडी घासताना शून्य ते नऊ कानात जाऊन बसले होते. ओल्डा भिंतीकडे बघत उभा होता, ओठ घट्ट मिटून.

"चार, शून्य, सात, सात, दोन," मी मोठ्याने म्हटलं.

कॅप्टन गुडघ्यांवरच वळला. "काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हटलं.